वरची पोळी

माझा नवरा ज्या दिवशी वीज खात्यातून रिटायर झाला, त्याच दिवशी आमच्या घरात कुत्रं आलं. पांढुर्ण्यात माणूस रिटायर झाला की त्याला हार घालून, बाजा लावून, गुलाल उधळत घरापर्यंत आणून सोडतात. आता हा तुमचा, आम्ही सुटलो, असं बहुतेक बायकोला सांगायचं असतं. मी ओवाळायचं ताट घेऊन दारात उभी. बघते तर वरातीत सगळ्यात पुढं, बाजावाल्यांच्याही पुढं, एक हातभर पिल्लू. शेपटीपासून नाकापर्यंत गुलालानं लाल.

"अवं, दफ्तरापासून मागं मागं येऊन राहिलं," हे म्हणाले. "त्यालेही ओवाळ."

चार माणसांत काय वाद घालायचा? ओवाळलं. आणि एकदा ओवाळून घरात घेतलेला जीव बाहेर कसा काढायचा, हे काही मला आजतागायत कळलेलं नाही. नवऱ्याच्या बाबतीतही नाही.

नाव ठेवायला बसलो तर पंचाईत. दोन्हीकडचं गणगोत एवढं मोठं, की जे नाव काढावं ते कोणत्या तरी काकाचं नाही तर भाच्याचं निघायचं. उद्या तो पाहुणा आला आणि आपण कुत्र्यावर ओरडलो, म्हणजे झालं! शेवटी नुसतं 'पोट्टं' म्हणायला लागलो. आमच्याकडे लेकराला म्हणतात, तेच. आमचं लेकरू पुण्याला नोकरीत, लेक भोपाळला तिच्या संसारात, तेव्हा हे शेंडेफळ.

मी प्राथमिक शाळेत बत्तीस वर्षं घसा फोडला, पण ह्यांनी ह्या एका पोट्ट्याला जी शिस्त लावली ती मला सगळ्या वर्गाला मिळून लावता आली नाही. शिस्त एकच. देल्याशिवाय खायचं नाही. समोर काही का असेना, आपण हातानं उचलून "घे" म्हणून दिलं तरच तोंड लावायचं. ह्यांचा त्यावर इतका अभिमान, की आल्यागेल्याला चहाच्या आधी तो खेळ दाखवायचे. पाहुण्याच्या बशीतली बिस्किटं खाली ठेवायची. पोट्टं त्यांच्याकडे बघत बसायचं, लाळ फरशीवर टपटप गळायची, आणि पाहुण्याची बिस्किटं खायची इच्छाच मरून जायची.

एकदा आम्ही नर्मदेला गेलो, जुनी व्हॅन घेऊन. व्हॅन का, तर बसमध्ये पोट्ट्याला घेत नाहीत म्हणून. काठावरच्या एका धर्मशाळेत ह्यांनी वहीत ठणठणीत अक्षरात लिहिलं, 'माणसं तीन.' तिसऱ्याचं वय सहा. मॅनेजर भला माणूस. त्यानं लेकरासाठी म्हणून खोलीवर एक पेला दूध आणि प्रसादाचे चार पेढे पाठवले. आम्ही आंघोळीला घाटावर गेलो तेव्हा पेढे खालीच, चटईवर राहिले. मी सगळा वेळ पाण्यात उभी राहून म्हणतेय, गेले पेढे, गेले पेढे. परत आलो तर चारच्या चार जागेवर, आणि हे ध्यान पुढ्यात पाय जुळवून बसलेलं. त्या दिवशी ह्यांचे डोळे भरून आले. लेक दहावी पास झाली तेव्हा नव्हते आले.

हे सगळं सांगतेय, कारण पुढं जे झालं ते ह्या एका गोष्टीवरून झालं.

आमच्या भागात जेवणाचं आवतन दोन तऱ्हेचं असतं. एक माणसांचं, म्हणजे एक या, दोघं या. आणि दुसरं चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटवायची नाही, घरात असेल नसेल तेवढ्या सगळ्यांनी आमच्याकडे जेवायचं. ह्यांनी ह्याच्यातून कायदा काढला. "पोट्ट्याची पोळी आपल्याच चुलीवर होते ना? चूल बंद, मग त्यानं का उपाशी राहावं?" झालं. चूलबंद आवतन आलं की पोट्टं स्कूटरवर पुढं उभं. बारसं असो, डोहाळजेवण असो की कुणाची तेरवी, आम्ही तिघं हजर. लोक हसायचे, पण ह्यांच्याशी वाद घालायला माणूस तितकाच रिकामा लागतो.

मागच्या मार्गशीर्षात माझ्या दादाच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, सौसरला असतो, संत्र्याचा बगीचा आहे. माझं माहेर म्हणजे तेच. आई-बाप गेल्यावर त्यानं मला कधी पोरकं वाटू दिलं नाही, आणि ह्यांना तर 'जवाईबापू, जवाईबापू' करत डोक्यावर घेऊन नाचायचा. आवतन अर्थातच चूलबंद. निघालो. वाटेतलं मोहगाव जाईपर्यंत पोट्टं व्हॅनमध्ये झोपलं, मग सौसर येईपर्यंत रस्त्यातल्या प्रत्येक बैलाला बोलून घेतलं.

पाहुणे पंचवीस येणार होते. पहिल्यांदाच घरी येणारे व्याही, म्हणून वहिनीनं पुरणाचा घाट घातला होता. पहाटेपासून बायका लागल्या होत्या. दीडशे पोळ्या झाल्या, परातीत रचल्या, वर पांढरं फडकं, आणि परात मागच्या कोठीत पाटावर. वहिनी मला म्हणाली, "बाई, कोठी तुमच्या भरवशावर." मी म्हटलं, "जा तू, लुगडं बदल. मी आहे."

तेवढ्यात दारात बाजा वाजला. पोट्टं मागच्या अंगणात बांधलेलं. रिटायरमेंटला बाजाच्या पुढं चालणारा हा शूर, आता वय झाल्यावर ढोलाचा आवाज ऐकला की थरथर कापतो. मी त्याला सोडलं आणि कोठीत घेतलं. माझ्या पायाला चिकटून बसलं. माझं लक्ष बाहेर, नवरदेव कसा आहे, व्याहीणबाईंची साडी कोणती. आणि त्या नादात माझ्या हातानं, माझ्या ह्या मेल्या हातानं, फडकं सारलं, वरची पोळी उचलली आणि म्हटलं, "घे."

घरी रोज तेच करते ना! तव्यावरची पहिली पोळी त्याची. गाय दारात येईनाशी झाली, पण कुत्र्याचा घास तर घरातच बसलेला. सवयीनं दिली. नैवेद्य व्हायचा होता, व्याही जेवायचे होते, आणि मी वरची पोळी कुत्र्याला घालून मोकळी! कळलं तेव्हा त्यानं गिळलीही होती. मी फडकं नीट केलं. एका पोळीनं काय होतं, कोण मोजतं, असं मनाशी म्हटलं. तेवढ्यात फोटोवाल्यानं आवाज दिला, "आत्या कुठं आहेत, आत्या या!" मी पदर सावरला, कोठीचं दार ओढलं आणि गेले. पोट्टं आत.

फोटो झाला. पंगत मांडली. वहिनी पोळ्या आणायला कोठीकडे, तिच्या मागं मी, माझ्या मागं दादा. दार उघडलं.

पोट्टं परातीजवळ पाय जुळवून बसलं होतं, अगदी शहाण्यासारखं. फडकं बाजूला. दहा-अकरा पोळ्या गायब, आणि ओठाला पुरण. आता त्याचं तरी काय चुकलं? घरात तव्यावरून पोळी काढावी तशी मीच गठ्ठ्यातली पहिली "घे" म्हणून दिली. त्याच्या हिशेबानं तो गठ्ठाच त्याला दिलेला होता. पण कुत्र्याचं तोंड लागलं म्हणजे अख्खी परात उष्टी. पंचवीस व्याही पाटावर बसलेले, आणि घरात एक पोळी नाही.

वहिनी किंचाळली. सगळे धावले. आणि तेव्हा, सगळ्यांच्या आधी, मी तोंडाला पदर लावून काय म्हटलं असेल?

"अगा माय वं! हे कसं आत घुसलं?"

बत्तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या. आणि वेळ आली तेव्हा हे!

दादा लाल झाला. हे गर्दीतून पुढं आले, परातीकडं बघितलं, पोट्ट्याकडं बघितलं आणि भर माणसांत म्हणाले, "नाही. माझं पोट्टं देल्याशिवाय खात नाही."

व्याह्यांकडचा एक मामा असा खदखदून हसला की अख्खा मांडव हसायला लागला. ओठाला पुरण लागलेलं कुत्रं आणि त्याची साक्ष देणारा मालक! हे तसेच उभे. माझ्याकडे बघत होते, मी काही बोलेन म्हणून. मी पोळ्यांच्या जागी शिरा भाजायला पळाले.

दादानं जाताना ह्यांना एवढंच सांगितलं, "जवाईबापू, यापुढं जनावर घरी ठेवत जा." येताना मोहगाव गेलं, अर्धा रस्ता गेला, तेव्हा हे पुटपुटले, "देल्याशिवाय खात नाही ते."

मग ती म्हणच झाली. गणगोतात कुठं जेवायला बसावं, की कुणी तरी स्वतःच्या हातानं भाजी वाढून घ्यायचा आणि म्हणायचा, "आपण देल्याशिवाय खात नाही बाप्पा!" सगळे हसायचे. हेही हसल्यासारखं करायचे. मी ताटात बघत राहायचे.

बरं, ह्यांनी सोडून द्यावं की नाही? नाही! चाळीस वर्षं लाइनीवरचे फॉल्ट शोधले, तीच खोड. फॉल्ट शोधायचा म्हणजे एकेक तुकडा तपासायचा आणि चांगला असला की बाजूला काढायचा, जो उरला तो खराब. एक दिवस भाजी घेऊन घरी आले तर फरशीवर तूप लावलेली पोळी, समोर पोट्टं, आणि हे खुर्चीत हातावरच्या घड्याळात बघताहेत.

"पाऊण तास झाला," म्हणाले. "हाललं नाही. फॉल्ट पोट्ट्यात नाही वं."

माझ्या हातातली मेथी खाली पडली.

दुसऱ्या दिवशी एका पाठकोऱ्या कागदावर दादाच्या घराचा नकाशा. हे अंगण, हे दार, ही कोठी. "बांधलेलं सुटलं कसं? गाठ मी मारली होती. माझी गाठ आजवर नाही सुटली." खांबावर चढणाऱ्या माणसाची गाठ, ती कशाला सुटते! मी म्हटलं, "अवो, वय झालं त्याचं. म्हातारपणी नियत फिरते, माणसाची नाही का फिरत?" दुसऱ्यांदा खोटं.

आणि ह्या खोट्यावर मात्र त्यांचा विश्वास बसला. माझ्यावर त्यांचा विश्वास आहे ना, तीच तर रड. त्या संध्याकाळी बाजारातून साखळी घेऊन आले. सात वर्षांत घरात पहिल्यांदा पोट्ट्याच्या गळ्यात साखळी पडली. आम्ही जेवायला बसलो की त्याला ओसरीत बांधायचं. ते बिचारं आधी खेळ समजलं. मग दोन दिवस पोळीला तोंड लावलं नाही. आणि हे ताटावर बसून भिंतीकडे बघत जेवायचे. अहो, त्या साखळीचा आवाज माझ्या काळजात वाजायचा. तरी बोलले नाही. का? तर माहेर! दादा काय म्हणेल, वहिनी काय म्हणेल, भरवशावर कोठी सोपवलेली बाई स्वतःच चोर, आणि वर कुत्र्यावर आळ. साठी उलटलेल्या बाईलाही माहेरी नाक लागतं.

वैशाखात भाचीचं लग्न ठरलं. दादा स्वतः पांढुर्ण्याला आला, अक्षता घेऊन. चहा झाला. पोट्टं साखळी ताणून त्याच्या पायांवर लोळायला बघत होतं, त्याच्या मनात काही राग नाही. दादानं देवापुढं अक्षत ठेवली आणि खाली बघून म्हणाला, "बाई, यंदा चूलबंद नाही देत. दोन माणसांचं आवतन आहे."

सख्ख्या बहिणीच्या घरी माणसं मोजून आवतन! आमच्याकडे ह्याहून मोठा अपमान नाही.

हे शांतपणे म्हणाले, "मग एकाचंच द्या दादा. तुमची बाई येईल."

दादा उठून गेला. चहाचा अर्धा कप तसाच. मी दोघांच्या मधे उभी, एकाकडं माहेर, एकाकडं हे. आणि दोघांच्या मधली भिंत मी स्वतःच्या हातानं बांधलेली.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी बॅग भरत होते. एकटीची. हे ओसरीत पोट्ट्याला ब्रश करत होते, साखळीसकट. मला राहवलं नाही. बॅग तशीच टाकली, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि एका दमात ओकले. "ती पोळी मीनं देली होती. सोडलंही मीच, कोठीतही मीच घेतलं, 'घे' म्हणूनही मीच म्हटलं. आता मारा नाही तर जिव्हारी लागेल असं बोला, पण ती साखळी काढा."

ब्रश हवेत थांबला. मग ह्यांनी साखळीचा हूक काढला, साखळी बाजूला ठेवली, आणि पोट्ट्यापुढं हात जोडले. "चुकलो बाप्पा," त्याला म्हणाले. मला नाही, त्याला. पोट्ट्यानं त्यांचं अख्खं तोंड चाटून काढलं.

मी वाट बघतेय, आता माझ्यावर कडाडतील. हे उठले, नाक शिंकरलं आणि म्हणाले, "दादाले नोको सांगू."

"काऊन?"

"लोक मले हसतात, हसू दे. सवय झाली. पोट्ट्याले तर काही कळत नाही, आळ त्याच्यावरच राहू दे. तुले एकच माहेर आहे." मग जरा थांबून, "माझा शर्ट टाक बॅगेत. मीही येतो."

मी तिथंच खाली बसले आणि रडले, पदर तोंडात घालून रडले. पाच महिने ज्या कुत्र्याच्या इज्जतीसाठी हा माणूस अख्ख्या गणगोताचं हसू झेलत राहिला, ती इज्जत त्यानं माझ्या नाकासाठी अशी सोडून दिली, जुना पेपर द्यावा तशी.

पोट्ट्याला शेजारच्या काकूंकडे ठेवून आम्ही दोघंच सौसरला गेलो. लग्न छान लागलं. पंगत बसली. आणि देवाची करणी बघा, ह्यांच्या शेजारी तोच मामा. वाढपी पोळ्या घेऊन आले तसा तो मोठ्यानं म्हणाला, "अहो, तुमचा गडी नाही आला? का देल्याशिवाय येत नाही?" हशा! मी समोर वरणाची बादली घेऊन उभी. हे हसले नाहीत ह्या वेळी. दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "चुकलंच आमचं. जनावर ते. त्याच्या भरवशावर राहायला नोको होतं."

माझं डोकं सणकलं. बादली धाडकन खाली ठेवली.

"जनावर नाही!" माझा आवाज शाळेतला, माइक कशाला लागतो? "ती पोळी मी देली होती! वरची पोळी, ह्या हातानं! कुत्रं इमानदार आहे आणि माझा नवरा पाच महिन्यांपासून खरं बोलून राहिला. खोटी मी आहे. आता हसा, काय हसायचं ते मले हसा!"

मामाचा घास तसाच हातात. तेवढ्यात पलीकडच्या रांगेतून व्याहीणबाई सावकाश म्हणाल्या, "बरं झालं बाई तुम्ही देली. मले पुरण बाधते. शिऱ्यानं त्या दिवशी जीव वाचला माझा."

काय हसू फुटलं म्हणता! पण माझं लक्ष दादाकडं. तो तुपाचं भांडं घेऊन उभा होता. माझ्याकडं बघत म्हणाला, "पाच महिने, बाई? पाच महिने?" दुसरं काही नाही. मग पोळ्यांची टोपली वाढप्याच्या हातातून ओढून घेतली आणि ह्यांच्या पानाशी उकिडवा बसला. एक पोळी वाढली, दुसरी वाढली, तिसरी. वर तुपाची धार. हे "पुरे, पुरे" म्हणताहेत, दादा ऐकत नाही, बोलत नाही, वाढतोय. त्याच्या डोळ्यांतून पाणी आणि भांड्यातून तूप, दोन्ही चालूच. हे मुकाट्यानं सहा पोळ्या जेवले. डायबिटीस आहे त्यांना. मी एक शब्द बोलले नाही.

परत येताना व्हॅनमध्ये माझ्याशी बोलले नाहीत. सांगू नको म्हटलं होतं आणि मी सांगितलं, म्हणून रागावले असतील, असं समजून मीही खिडकीबाहेर बघत बसले. दिवेलागणीच्या आत घरी पोचलो. काकूंनी पोट्ट्याला सोडलं, ते उडी मारून आलं. मी बॅग उतरवत होते. हे ओसरीत जमिनीवर बसले, पोट्ट्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, आणि मी अजून गाडीजवळच आहे असं समजून, त्याला हळू आवाजात सांगायला लागले.

"भर मांडवात बोलली रे तुझी माय. चारशे माणसं होती. माझ्यासाठी बोलली."

मी दाराशी आले होते, तशीच मागं सरकले, आणि उगाच बॅगेची चेन उघडझाक करत गाडीपाशी उभी राहिले.